येणाऱ्या गाडीचे रविवार

आमच्या घरात जे होऊन गेलेलं असायचं त्याच्यावर कुणी फार बोलायचं नाही. जे व्हायचं असायचं त्याच्यावर मात्र दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ही आमची पिढीजात खोड. आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते चितेगावच्या अलीकडं एका खेड्यात पंचांग सांगायचे. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या सुनेला मुलगा होईल का, विहिरीला पाणी कुठं लागेल, सगळ्याला अण्णांकडं उत्तर असायचं, आणि उत्तर खोटं निघालं की विचारणाऱ्याची जन्मवेळ चुकीची ठरायची. अण्णांची स्वतःची चूक कधी निघाली नाही. बाबा शिकले, शहरात आले, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनाचे क्रँकशाफ्ट तपासायला लागले. पंचांगाला हात लावायचे तो नात्यागोत्यातल्या पत्रिका जुळवण्यापुरता. पण रक्त कुठं जातंय! अण्णा माणसांचं भविष्य सांगायचे, बाबा गाडीचं सांगायला लागले.

गाडी कुठली, तर जी अजून निघालीच नव्हती ती. आणि तीही अमेरिकेतली. पूर्वी कधीतरी तिकडं एक दांडगी गाडी निघायची, लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. अशा गाड्यांना तिकडं मसल कार म्हणतात. बाबा तिला पैलवान गाडी म्हणायचे. पुढं पेट्रोल महागलं, पैलवान घरी बसला, गाडी बंद पडली. आता इतक्या वर्षांनी कंपनी म्हणे तेच नाव पुन्हा आणणार होती. बातमी एवढीच, एका ओळीची. त्या एका ओळीवर आमच्या घराचे कितीतरी रविवार गेले. बाबांची स्वतःची होती एक स्कूटर, ती सकाळी आडवी करून मग उभी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. आयुष्यात त्यांनी कार घेतली नाही, घ्यावी असंही कधी म्हणाले नाहीत. त्यांना गाडी नको होती. त्यांना गाडीबद्दलचं आतलं काहीतरी हवं होतं, जे दुसऱ्या कुणाला अजून ठाऊक नाही असं.

सिडकोतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर एक ओटा. रविवारी आंघोळ झाली की बाबा ओट्यावर सतरंजी टाकायचे. मुकुंदवाडीच्या कोपऱ्यावर सलीमचाचांचं गॅरेज होतं. ते गॅरेज उघडायच्या आधी आमच्याकडं यायचे, हाताला ग्रीसचा वास, खिशात बडीशेप. बाबा पत्रिका बघतात म्हणून ते त्यांना पंडितजी म्हणायचे, आणि पंडितजींचं एकही भाकीत त्यांनी कधी मान्य केलं नाही. बाबा म्हणायचे, आठ सिलिंडर येणार म्हणजे येणारच. सलीमचाचा म्हणायचे, "पंडितजी, कंपनीवाले पागल है क्या? इत्ता तेल पीनेवाली गाडी कायकू निकालेंगे? छे लगायेंगे, छे. लिख के लेव." मग आवाज चढायचे. मुंबईचं विमान उतरायला यायचं, खिडकीची तावदानं थरथरायची, तेवढ्यापुरते दोघं थांबायचे आणि विमान गेल्यावर अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू. आतून आईच्या कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज आणि मागोमाग तिचा, "आठ नको न् सहा नको. माझं एक गॅसचं सिलिंडर आणून टाका आधी, परवापासून सांगतीय." सलीमचाचा मान मागं टाकून हसायचे. मग ती बशा भरून सुशीला पाठवायची. सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे, वर दाण्याचं कूट, कढीपत्ता आणि ही एवढी हिरवी मिरची. किंवा धपाटे असायचे आणि घट्ट दही. आता मधुमेहानं माझं निम्मं ताट काढून घेतलंय, पण धपाट्याचा तो खमंग वास आला की अजून मला ओटा आधी आठवतो, मग आई.

त्या ओट्यावर माझी जागा होती. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, पण सावकाश. औरंगपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून ते परदेशी मोटारींची जुनी मासिकं आणायचे आणि मी शाळेत असल्यापासून ती मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे. पुढं सायबर कॅफे निघाले. शनिवारी कॉलेजातून येताना मी कॅफेत बसून तिकडचे लोक त्या गाडीबद्दल काय काय बरळतायत ते शोधायचे. कुणी रस्त्यावर काळ्या ताडपत्रीत झाकलेली गाडी बघितली, कुणाच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं इंजिनाचा आवाज ऐकला. ते सगळं मी रविवारी ओट्यावर मांडायचे आणि त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं हेही हळूहळू मीच सांगायला लागले. "थांबा हो," बाबा सलीमचाचांना म्हणायचे, "आमची विजू काय म्हणते ते ऐकू." एवढं वाक्य. मी विजया, घरात विजू. त्या वाक्यासाठी मी आठवडाभर जगायचे म्हटलं तरी चालेल. बाकी मुलींच्या बापांनी त्यांना बांगड्या आणल्या असतील, फ्रॉक आणले असतील, माझ्या बापानं मला मत विचारलं. मी त्याच्यावरच भाळले आणि इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं. वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सर विचारायचे, "तुम्ही कशाला आलात इकडं?" मी मनात म्हणायचे, माझ्या बाबांना विचारा.

शेवटच्या वर्षी पुण्याकडची एक गाड्यांची कंपनी कॉलेजात मुलाखतींना आली. टेस्टिंग खात्यासाठी माणसं हवी होती. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ट्रॅकवर फिरवायची, शेजारी बसून ती कुठं खडखडते, कुठं गुरगुरते, कुठं थरथरते ते टिपायचं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "गाडी चालवता येते का?" मी म्हटलं, "जीपसुद्धा येते." सलीमचाचांनी गिऱ्हाइकाच्या जीपवर शिकवली होती, बीड बायपासला. साहेब हसले. माझी निवड झाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. घरी येऊन सांगितलं तर आईनं माझ्या तोंडात साखर घातली आणि डोळ्याला पदर लावला. बाबांनी कारखान्यात पेढे वाटले. संध्याकाळी ओट्यावर उभे राहून शेजारच्या गेटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "आता आपला माणूस आत बसला!" मला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. मेली मी तरी काय भोळी! कौतुक त्यांना 'आत'चं होतं.

कारखान्यात बाबांच्या खात्यात देवळे म्हणून होते, देवळेकाका. त्यांचा पुतण्या नितीन अमेरिकेत असायचा. दसऱ्याच्या सुमारास तो सुट्टीवर आला आणि त्याच्यासाठी मुली बघायचं चाललं. एके दिवशी बाबा कामावरून आले ते हेल्मेटसकट स्वयंपाकघरात शिरले. आई भाकरी थापत होती.

"अगं, त्याच कंपनीत आहे! त्याच!"

"कोण?"

"देवळ्यांचा पुतण्या. डेट्रॉइटला. जी गाडी काढतीय ना, तीच कंपनी!"

"बरं. पोरगा कसाय?"

"अगं सांगतोय काय मी? त्याच कंपनीत आहे!"

"ते कळलं हो. पोरगा कसाय?"

ते बाबांनी विचारलंच नव्हतं. पत्रिका मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी मागवून घेतली, चष्मा पुसून पुसून बघितली आणि म्हणाले, "उत्तम जुळते. अण्णांनीसुद्धा हीच जुळवली असती." मी म्हटलं, बाबा, मला दिवाळीनंतर रुजू व्हायचंय, आत्ता कसलं बघणं? तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नुसतं येऊ दे गं त्यांना. बघण्यानं काय बांगडी फुटते? नोकरी कुठं पळून चालली?" हे त्यांचे शब्द. मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पाहुणे रविवारीच आले, त्यामुळं त्या रविवारी ओट्यावर सतरंजी पडली नाही. आईनं सुशीला केली नाही, पाहुण्यांना मुरमुरे काय द्यायचे म्हणून पोहे केले. देवळेकाका, काकू आणि नितीन. मुलगा दिसायला बरा, अंगानं सडपातळ, सारखा चष्मा वर करणारा. मी साडीत, हातात ट्रे. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, काकूंनी "स्वयंपाक येतो ना" विचारलं. सगळं जिथल्या तिथं. मग बाबा खुर्ची पुढं ओढून नितीनच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले आणि म्हणाले, "आता मला एक सांगा."

बिचारा आधी खरंच बोलला, हे मी मान्य करते. तो म्हणाला, "काका, मी त्या बाजूला नसतो. आमचं ऑफिस वेगळं. मी पगाराचं सॉफ्टवेअर बघतो."

"समजतो मी," बाबा म्हणाले. "गुपित असतं. सांगता येत नसेल."

"तसं नाही..."

"आठच सिलिंडर आहेत ना पण? एवढंच. हो की नाही?"

नितीननं देवळेकाकांकडं बघितलं. देवळेकाकांनी डोळे मिटून मान हलवली, अरे, दे की सांगून म्हातारबुवाला, अशी. नितीन म्हणाला, "हो. आठच."

बाबांनी मांडीवर थाप मारली. मग काय विचारता! त्यांनी प्रश्न विचारायचा, त्या प्रश्नातच उत्तर घालायचं आणि नितीननं ते उचलून परत द्यायचं. गिअर हाताचे ना? हाताचे. नाक जुन्यासारखं लांब ना? लांब. हळूहळू पोरालाही रंग चढला. पुढं पुढं तर बाबांनी विचारायचीसुद्धा वाट बघेना. म्हणाला, "बसलोय मी तिच्यात. आमच्या मागच्या आवारात आणली होती. अशी दोन लांबच लांब दारं, उघडायला जोर लावावा लागतो." तीस वर्षं मशिनच्या आवाजात उभा राहिलेला माणूस, दुसऱ्याच्या हातचा क्रँकशाफ्ट पुन्हा स्वतः मोजल्याशिवाय पुढं न जाऊ देणारा, तो या पोराच्या तोंडाकडं असा बघत होता की मला लाज वाटली. राग नाही, लाज. माझ्या बापाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

आणि मी गप्प बसायला हवं होतं म्हणतात, तर नाही बसले. मी विचारलं, "चालवलीत का?"

"थोडी. आवारातल्या आवारात."

"क्लच कसा होता?"

"एकदम हलका," तो म्हणाला.

"एवढ्या दांडग्या इंजिनाला हलका क्लच?"

पुढं मी मुलांना शिकवायला लागले तेव्हा मलाच कळलं की हलका असूही शकतो, त्याच्या युक्त्या असतात. म्हणजे माझा प्रश्न काही ब्रह्मवाक्य नव्हता. पण नितीनला ते ठाऊक नव्हतं. तो लालेलाल झाला, चष्मा वर केला, म्हणाला, "टेक्नॉलॉजी असते हो हल्ली." मी म्हटलं, "कसली?" काकूंनी बशी खाली ठेवली. मी बाबांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, थांबा हो, आमची विजू काय म्हणते ते ऐकू.

ते म्हणाले, "विजू, तू आत जा. आईला मदत कर. तुला काय कळतंय त्यातलं?" आणि पाहुण्यांकडं वळून हसले, "कॉलेजात चार पुस्तकं वाचली की पोरींना वाटतं, आपल्याला सगळं कळलं."

मी आत गेले. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुटपुटली, "गप. पाहुणे जाऊ दे." बाहेर बाबा हसत होते, सलीमचाचांबरोबर कधी हसले नाहीत इतक्या मोकळ्यानं. कितीतरी रविवार मी त्या माणसाला वाचून दाखवलं, शोधून आणलं, समजावलं, आणि एका परक्या पोरानं दोन थापा मारल्या तर मी चहाकडं बघायची बाई झाले. खरं सांगते, लग्न मोडलेल्या मुली मी बघितल्यात, नापास झालेली मुलं बघितलीत, नोकरी गेलेली माणसं बघितलीत, पण त्या स्वयंपाकघरात मला जसं वाटलं तसं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, तो खोटं बोलतोय."

"तो कशाला खोटं बोलेल? त्याला त्यातून काय मिळणाराय?"

"मी मिळणारे."

बाबांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी काही अभद्र बोलले. म्हणाले, "आतला माणूस आहे तो. आपण बाहेरचे." मी म्हटलं, मला हे लग्न करायचं नाही, मला नोकरीवर जायचंय. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला, पण कुणाच्या बाजूनं ते सांगायचं नाही. दोन दिवसांनी सोयगावला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. आई म्हणाली, तू जा, आठ दिवस राहून ये, तोवर यांचं डोकं थंड होईल. मी गेले. तिथं बायकांनी नाव घ्यायला लावलं बहिणीला, फुलांची वाडी भरली, मी भरपूर जेवले आणि खिदळले. एकीनं विचारलं, तुझं कधी? मी म्हटलं, मी गाड्यांच्या पोटात कान लावायला चाललेय, मला सवड नाही.

परत आले तेव्हा घर सुतकी. देवळेकाकांनी कारखान्यात बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पत्रिका जुळत नाही. बोला आता! ती पत्रिका बाबांनी स्वतः जुळवलेली. नकार द्यायचा असला की आपल्याकडं हेच सांगतात. मुलगी काळी आहे म्हणत नाहीत, फार बोलते म्हणत नाहीत, ग्रहांवर ढकलतात. बाबांनी स्वतःही किती जणांना असंच सांगितलं होतं, त्यामुळं त्यांना अर्थ बरोबर कळला. आईनं येसराची आमटी केली, त्यांना आवडायची ती, तर नुसती भुरकून उठले. मी वरून तोंड पाडलेलं ठेवलं, आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुटले! ट्रंक काढली, पुसली, सलवार-कुडते इस्त्री केले, सलीमचाचांना जाऊन सांगून आले. ते जॅकखाली होते, बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि कसनुसे झाले. "जा रही है तू?" म्हणाले. मी म्हटलं, हौ, दिवाळी झाली की. त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि कितीतरी वेळ हातच पुसत राहिले. "कंपनी को एक फोन कर के देख, बेटी," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, राहायच्या सोयीचं विचारायला सांगतायत. घरच्या फोनवरून बाहेरगावी लागायचं नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी फोन लावला. पलीकडं एक बाई होती, गोड आवाजाची. नाव सांगितलं, तर थोडं थांबून म्हणाली, "तुमच्या घरूनच नकार आला ना? आम्ही वसतिगृहाचं विचारायला फोन केला होता. तुमच्या वडिलांनी सांगितलं, लग्न ठरलंय, मुलगी अमेरिकेला चाललीय, ती येणार नाही. आम्ही दुसऱ्याला घेतलं." आणि वर म्हणते, "अभिनंदन हं." मी बूथच्या काचेला टेकले. बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता.

घरी आले तर बाबा ओट्यापुढं स्कूटर पुसत होते. मी विचारलं, "कंपनीचा फोन आला होता?"

त्यांनी फडकं पिळलं. "आला होता. तू सोयगावला होतीस."

"काय सांगितलंत?"

"अगं, तेव्हा ठरल्यातच जमा होतं."

"कुणी ठरवलं होतं? देवळ्यांनी होकार कळवला होता?"

"कळवला नव्हता. पण लक्षणं तीच होती ना सगळी. पत्रिका जुळत होती. पोरगा एवढा मोकळेपणानं बोलला माझ्याशी. मला वाटलं, कंपनीला उगाच टांगून कशाला ठेवायचं?"

"आणि मला? मला विचारायचं नाही?"

"तुला सांगणारच होतो."

मी आत धावले, आईला म्हटलं, तुला माहीत होतं? तिनं परातीतलं पीठ एकत्र गोळा केलं, पुन्हा पसरलं. "मला वाटलं, तुला विचारूनच सांगितलं असंल त्यांनी," म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पुढं सलीमचाचांनी सांगितलं की मी सोयगावला असताना रविवारी बाबांनी ओट्यावर बसून ऐटीत सांगितलं होतं, पोरीच्या नोकरीला नाही म्हणून टाकलं, आता ती थेट कारखान्यातच चालली. सलीमचाचा म्हणाले होते, "कच्ची खबर पे पक्का काम नक्को करो, पंडितजी." त्यावर बाबांचं उत्तर, "खबर आतली आहे." त्या घरात मी सोडून सगळ्यांना माझं ठाऊक होतं. अण्णांकडं येणाऱ्या माणसाची निदान म्हैस आधीच हरवलेली असायची. माझी दावणीला बांधलेली होती, ती यांनी सोडून दिली आणि मग भविष्य सांगितलं.

मी त्या कंपनीत पुन्हा फोन केले, मुलाखत घेतलेल्या साहेबांशी बोलले. ते चांगलं बोलले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी माणसं घेतलीच नाहीत. मी इथल्याच एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले आणि शिकवतच राहिले. वाईट झालं असं लोकांना वाटत नाही. पुढं लग्न झालं, तेही चांगलं झालं. माझे विद्यार्थी ट्रॅकवर गाड्या पळवतात, फोन करून सांगतात, "मॅडम, आज नव्या गाडीचा आवाज पकडला." मी शाबासकी देते आणि फोन ठेवल्यावर माझं त्या दिवशी कुणाशी पटत नाही. शहराचं नाव बदललं, बायपासला पूल झाले, गाड्या विजेवर आल्या. ती पैलवान गाडीसुद्धा आता म्हणे विजेवर निघालीय आणि इंजिनाचा आवाज भोंग्यातून काढतात. माझा राग मात्र जुन्या पद्धतीचा आहे, पेट्रोलवर चालणारा. वय झालं की माणूस माफ करतो म्हणतात. करत असतील. मला त्याची सवय लागली नाही.

ओट्यावर मी पुन्हा बसले नाही. सुरुवातीचे काही रविवार बाबांनी हाक मारली, "विजू, ये गं, नवा फोटो आलाय म्हणतात." मी आतून "कामात आहे" म्हणायचे. मग हाक थांबली. ते स्वतःच चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायला शिकले. देवळेकाका त्यांच्याशी कारखान्यात बोलेनासे झाले, तरी बाबांनी नितीनचं बोलणं सोडलं नाही. ओट्यावर कुणीही काही म्हणालं की ते म्हणायचे, "मला गाडीत बसलेल्या माणसानं सांगितलंय." आमच्याकडं नकार देऊन गेलेल्या पोराची त्यांनी अशी वर्षानुवर्षं साक्ष काढली. मी आतून ऐकायचे. आई माझ्याकडं बघायची नाही.

आणि मग गाडी आली. खरोखरच आली. मी पॉलिटेक्निकला लागून बराच काळ झाला होता, लग्न अजून व्हायचं होतं. बाबा निवृत्त झाले होते, दुपारी कॅफेत जाऊन आले. दारात चपला काढताना एकीवर एक पडल्या, त्या त्यांनी सरळ केल्या नाहीत. हातात फोटो छापलेला कागद होता. खुर्चीत बसले आणि कागद मांडीवर ठेवला. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. बघितलं तर नाव तेच, रंग लालभडक, आणि गाडीला चार दारं. आपल्याकडं सहकुटुंब देवाला जातात तसली, मागच्या बाजूला पोराबाळांना चढायला ऐसपैस दारं. आठ की सहा यावर इतकी वर्षं डोकी फोडली आणि दारं किती, हे ओट्यावर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सलीमचाचांच्या नाही, माझ्याही नाही. बाबांचा चेहरा असा झाला होता की घरात कुणी गेलं असावं. आईनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मला वाईट वाटलं, हेही सांगायला हवं. मी पेन ठेवलं, उठले आणि त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले.

"चार दारं," ते म्हणाले.

"हो."

"तो तर म्हणाला होता, मी बसलोय. दोन लांब दारं म्हणाला होता."

"हो, बाबा."

त्यांनी कागदावरची दारं बोटानं पुन्हा मोजली. मग मान वर करून नीट माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता.

"विजू," ते म्हणाले, "बरं झालं बघ, त्याच्याशी तुझं जमलं नाही. खोटारडा निघाला. असल्या माणसाच्या पदरात पडली असतीस, तर जन्माचं नुकसान झालं असतं तुझं."

मी उभी राहिले. अजून एक वाक्य यायचं होतं. तोंड उघडलंच आहे, हात धरलाच आहे, तर आता ते येईल, असं मला वाटलं. मी श्वाससुद्धा हळू घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती, तीही त्याचीच वाट बघत असावी.

बाबांनी माझा हात सोडला, चष्मा लावला आणि कागदाच्या तळाच्या ओळीखाली बोट धरलं.

"पुढच्या वर्षी दोन दारांची येणार म्हणतायत," ते म्हणाले.